पीएफ आणि पेन्शन: तिसऱ्या रकान्याचा घोळ

वाळूज एमआयडीसीतला माझा भाचा मागच्या आठवड्यात टपरीवर मोबाइल दाखवत म्हणाला, "मामा, पेन्शनचे सव्वा लाख जमलेत. नोकरी सोडतो, दोन्ही पैसे काढतो अन् गावाकडं बोअर मारतो." नोकरी आठ वर्षं चार महिन्यांची. असले हिशेब ऐकून ऐकून मी आता विटलोय.

पीएफ सगळ्यांना कळतो. तुमचे १२ टक्के, कंपनीच्या १२ पैकी ३.६७ टक्के, त्यावर दरवर्षी व्याज. ही तुमची बचत. आजारपण, लग्न, घर यांसाठी नोकरीत असतानाही त्यातून काही रक्कम काढता येते. बस, एवढंच.

घोळ आहे तो पीएफच्या पासबुकातल्या तिसऱ्या, पेन्शनच्या रकान्याचा. कंपनीच्या वाट्यातले उरलेले ८.३३ टक्के, १५,००० पगाराच्या मर्यादेत महिन्याला १,२५०, तिकडे जातात. ही १९९५ सालची पेन्शन योजना. मी भाच्याला मार्चअखेरची व्याजाची ओळ वाचायला लावली. पहिल्या दोन रकान्यांत व्याज, तिसऱ्यात शून्य. "म्हंजे बुडवतेत का?" बुडवत नाहीत रे. ते तुझं खातंच नाही. तिथं पैसे साठत नाहीत, तुझी वर्षं साठतात.

पेन्शन ठरते ती अशी: शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तिसऱ्या रकान्याची बेरीज यात कुठंच येत नाही. १५,००० पगार आणि १० वर्षं धरली तर ५८ व्या वर्षापासून महिन्याला सुमारे २,१४३ रुपये, मरेपर्यंत. मागं बायकोला त्यातला निम्मा भाग. दहा वर्षांत गेले दीड लाख, ते सत्तर महिन्यांतच वसूल. मात्र दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच नाही, आणि मधेच पैसे काढले तर ती वर्षं पुसली जातात. भाचा वीस महिन्यांसाठी आठ वर्षं पुसायला निघाला होता!

ठेकेदार बदलला की हिशेब उरकून घ्यायचा, ही आपल्या पोरांची खोड मला मुळीच पटत नाही. जालन्याहून, बीडहून आलेली कितीतरी पोरं तीन-तीनदा शून्यापासून सुरू करतात. मधे दोन-चार महिने पेरणीसाठी घरी बसलं म्हणून आधीची वर्षं जात नाहीत. ती जातात पैसे काढल्यानं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून खातं नव्या कंपनीकडं वळवायचं, नाहीतर आधीच्या वर्षांची नोंद असलेलं योजना प्रमाणपत्र घ्यायचं. वैताग असा, की पैसे काढायला आणि प्रमाणपत्र मागायला फॉर्म एकच, १०-सी. ऑनलाइन अर्ज भरून देणारे न विचारता "पैसे"वर खूण करून मोकळे.

पन्नाशीनंतर घाईनं पेन्शन सुरू करणाऱ्यांचंही तेच. ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कायमची. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ. हातपाय चालत असतील तर मी थांबायलाच सांगतो. या योजनेत महागाई भत्ता नाही आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये. तेवढ्यावर म्हातारपण निघत नाही. म्हणून पीएफला हात लावू नका, असंही सांगतो, पण ते कुणी ऐकत नाही.

भाच्यानं मोबाइल खिशात टाकला. "अन् बोअर?"

"वीस महिन्यांनी मार. पाणी लागंल याचा तरी कुठं भरवसा हाय?"