नडगी दुखतेय, पण शिन स्प्लिंट आहे की स्ट्रेस फ्रॅक्चर?

ऑफिसर ट्रेनिंगला जायचं पक्कं झालं की सगळे पहिलं काम काय करतात तर धावायला लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. मग कोणीतरी सांगतंच, अरे शिन स्प्लिंट आहे, सगळ्यांना होतं, बर्फ लाव आणि पळ. शिन स्प्लिंट म्हणजे पळण्याच्या ताणाने नडगीच्या हाडाच्या कडेला होणारं दुखणं, त्यात हाडाला चीर नसते. बहुतेक वेळा सांगणारा बरोबर असतो. पण कधीकधी हाडालाच बारीक चीर जायला लागलेली असते, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि त्यावर पळत राहिलं तर जॉइनिंग हातचं जाऊ शकतं. माझ्याबरोबर तयारी करणाऱ्या मित्राचं नेमकं हेच झालं म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आधी दाबून बघा. नडगीच्या हाडाची आतली कड असते ना, घोट्याच्या वर, तिथून बोट वर सरकवत न्या. शिन स्प्लिंट असेल तर चांगला 5 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो, कुठे दुखतंय विचारलं तर माणूस तळहात फिरवून दाखवतो. स्ट्रेस फ्रॅक्चरवाला एक बोट ठेवतो, इथेच, आणि तिथे दाबलं की कळ जाते. माझा मित्र पहिल्या दिवसापासून एक बोटच ठेवत होता, आम्हाला कोणालाच त्याचा अर्थ कळला नाही.

दुसरं म्हणजे दुखायची वेळ. शिन स्प्लिंट सुरुवातीला ठणकतं, अंग गरम झालं की कमी होतं, पळून झाल्यावर परत डोकं वर काढतं. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये जितकं पळाल तितकं दुखणं वाढत जातं, काही दिवसांनी नुसतं चालतानाही दुखतं, आणि रात्री पडल्या पडल्या ठणकायला लागलं तर मग घरगुती उपाय बंद करून सरळ डॉक्टर गाठा. त्या पायावर उड्या मारून बघू नका, तपासायचं असेल तर डॉक्टर तपासतील.

आता एक्स-रे. इथे खूप जण फसतात. चीर नवी असताना पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल येतो, लोक रिपोर्ट बघून खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी पळायला जातात. लक्षणं स्ट्रेस फ्रॅक्चरची असतील तर नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नका, एमआरआय लागेल का ते विचारा, त्यात हे लवकर दिसतं. तसा हा आजार सैन्यातलाच, 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने मार्च करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता, तो 1895 चा. पावलाच्या हाडातल्या अशा चिरेला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

हे होतं का, तर दम आणि स्नायू पटकन तयार होतात, हाड मागे राहतं. ताण पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि नवीन भरायला त्याला महिने लागतात, म्हणजे मधे काही आठवडे ते उलट कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला वाटतं की आता मस्त फिट झालो, अंतर वाढवू, बूट घालून पळू, पाठीवर वजनही घेऊ. सगळं एकाच आठवड्यात! एका वेळी एकच गोष्ट वाढवा हो. आणि पोटभर खा. वजन उतरवायचं म्हणून उपाशी पळणाऱ्यांची हाडं लवकर दगा देतात, मुलींची पाळी चुकायला लागली तर तोही हाडांसाठी इशाराच समजा. अमेरिकन नौदलात भरती झालेल्या मुलींवर एक अभ्यास झाला होता, 2008 मध्ये छापून आला, त्यात कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण 20 टक्के कमी निघाली. पण गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

शिन स्प्लिंट असेल तर पळणं कमी करा, मऊ जमिनीवर पळा, झिजलेले शूज बदला, पोटरीचे व्यायाम करा, काही आठवड्यांत सुटका होते. स्ट्रेस फ्रॅक्चरला मात्र नडगीच्या साध्या केसमध्येही साधारण 6 ते 8 आठवडे पळणं पूर्ण बंद, तोवर डॉक्टर हो म्हणाले तर पोहून किंवा सायकल मारून दम टिकवता येतो. मित्राने दुखणं लपवून आणखी तीन आठवडे काढले आणि ते त्याला फार महागात पडलं.

दोन जागी दुखलं तर डॉक्टरकडे जायला अजिबात थांबू नका. एक नडगीच्या पुढच्या धारेचा मधला भाग, तिथली चीर भरायला फार त्रास देते. दुसरी जांघ, पळताना जांघेत खोल दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागाला, चीर असू शकते, ती पूर्ण तुटली तर ऑपरेशन लागतं, म्हणून त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दाखवा.