उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की काय होतं?

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकांचा फोन आला, कीबोर्ड मेला म्हणाले. कुठलंही बटण दाबा, काहीच उमटत नाही, पण एखादं चुकून जरा जास्त वेळ दाबलं गेलं तर अक्षर येतं. कोणीतरी त्यांना व्हायरस आहे, फॉरमॅट मारा असं सांगितलं होतं. मी विचारलं, बिघडण्याआधी काय करत होतात? तर म्हणे स्क्रीनवर लेख वाचत बसलो होतो, उजवा हात कीबोर्डवर तसाच टेकलेला. म्हटलं काका, उजवीकडची शिफ्ट दाबा आणि सावकाश दहापर्यंत मोजून मग सोडा. आवाज आला आणि कीबोर्ड पहिल्यासारखा चालायला लागला.

व्हायरस वगैरे काही नव्हता. फिल्टर कीज नावाची सोय आहे, विंडोजमध्ये उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की ती चालू होते, आणि तशीच धरली की बंद. चालू असताना बटणावर पडलेला क्षणभराचा दाब कॉम्प्युटर धरतच नाही. ज्यांचा हात बटणापर्यंत जाताना वाटेतल्या चार बटणांना लागतो त्यांच्यासाठी ती आहे. पण ज्याला हे माहीत नाही त्याला कीबोर्ड मेल्यासारखाच वाटणार, यात त्याची चूक नाही.

मुळात आपण समजतो की कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षरं पाठवतो. तसं नाहीये. तो फक्त सांगतो की अमुक नंबरचं बटण खाली गेलं, अमुक नंबरचं वर आलं. त्यातून अक्षर काढणं हे ऑपरेटिंग सिस्टीमचं काम. म्हणजे बटण किती वेळ खाली होतं, दोन दाबांमध्ये किती वेळ गेला हे सगळं सिस्टीमला मोजता येतं, आणि फिल्टर कीजसारख्या सोयींचा सगळा खेळ त्या मोजण्यावर चालतो.

आता माझा सर्वात आवडता भाग. बटणाच्या आत धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात, पण ते एकदाच टेकून शांत होत नाहीत, टेकतात, उडतात, परत टेकतात, जमिनीवर टाकलेल्या गोटीसारखे. हे काही मिलिसेकंद चालतं आणि कीबोर्डमधल्या चिपला तेवढ्या वेळात बटण पाच-सहा वेळा दाबल्यासारखं दिसू शकतं. म्हणून चिप थोडी थांबते, साधारण ५ मिलिसेकंद, आणि थरथर थांबल्यावरच दाब खरा मानते. याला डीबाउन्स म्हणतात. हे नसतं तर एकदा दाबल्यावर ककककक असं उमटलं असतं.

आता हीच थरथर धातूची नसून हाताची आहे असं समजा. पार्किन्सनच्या आजारात हाताचा कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो, म्हणजे एका हेलकाव्याला १७० ते २५० मिलिसेकंद लागतात. चिपच्या ५ मिलिसेकंदांत हे मावणारच नाही, तिच्या दृष्टीने ते अगदी खरेखुरे वेगवेगळे दाब आहेत. मग बाउन्स कीज नावाची सोय तेच काम वरच्या मजल्यावर, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करते, म्हणजे तेच बटण अर्ध्या सेकंदाच्या आत परत दाबलं गेलं तर दुसरा दाब सोडून देते. स्विचच्या धातूसाठी काढलेली युक्ती माणसाच्या हातासाठी शंभरपट ताणलेली, बस. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, आजही वाटतं.

आणि अडचणही इथेच सुरू होते. कंप नसलेलं बोटसुद्धा एकच बटण भराभर दाबायला लागलं तर सेकंदाला पाच-सहा वेळाच दाबू शकतं. म्हणजे मुद्दाम दोनदा दाबलेलं आणि कंपामुळे दोनदा दाबलं गेलेलं, दोघांमधलं अंतर जवळपास सारखंच! सिस्टीमकडे फक्त वेळ आहे, हेतू नाही, त्यामुळे तिला हे ओळखता येत नाही. अनेक फोनेटिक पद्धतींमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवतात तिथे, ‘आ’चा काना काढायला ए (a) हे बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, तिथे बाउन्स कीज चालू असेल तर ‘राम’ लिहायला जावं आणि ‘रम’ उमटावं. दोन दाबांमध्ये मुद्दाम थांबावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं थेट बटणांवर बसवलेल्या पद्धतीत, जोडाक्षराच्या मध्ये हलंताचं वेगळं बटण येतं, म्हणून ‘सत्ता’ लिहिताना हा त्रास होत नाही. म्हणजे सगळ्यांना चालेल असा एक आकडा नाहीच, ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे आणि ज्याच्या त्याच्या टायपिंगप्रमाणे तो कमीजास्त करून बघावा लागतो. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी मिळालेल्या आकड्यावर वैतागून सोय बंद करून टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

इनस्क्रिप्टमध्ये उलट शिफ्टचा त्रास आहे. क साधा, ख ला शिफ्ट. ग साधा, घ ला शिफ्ट. अ, इ सारखे सुटे स्वरही शिफ्टवर. एकाच हाताने किंवा तोंडात काडी धरून टाइप करणाऱ्याने दोन बटणं एकदम दाबायची कशी? त्यासाठी स्टिकी कीज. लागोपाठ ५ वेळा शिफ्ट दाबली की ती चालू होते, मग शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या एका बटणापुरती लक्षात राहते. दोनदा दाबली की अडकून बसते, तिसऱ्यांदा सुटते. लिनक्समध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी एक्स विंडो नावाची जुनी व्यवस्था आहे, तिच्यात तर शिफ्ट, कंट्रोल वगैरेंच्या तीन वेगळ्या नोंदी असतात, आत्ता खरंच दाबलेली, पुढच्या बटणासाठी राखलेली आणि कुलूप लावलेली, आणि या तिघींची बेरीज करून शेवटची अवस्था ठरते, त्यामुळे बोट उचललेलं असूनही कंट्रोल ‘दाबलेला’ असू शकतो. तुम्ही डब्ल्यू टाइप करता, सिस्टीम ते कंट्रोल-डब्ल्यू समजते आणि ब्राउझरचा टॅब बंद होतो तो असा.

शिफ्टच का, हा प्रश्न पडायला हवा. नुसती शिफ्ट दाबून काहीच उमटत नाही, म्हणून ती सुरक्षित, आणि ज्याला ही सोय हवी त्याला सेटिंगपर्यंत पोचायलाच ती आधी चालू असावी लागते, म्हणून एका बोटाने जमेल असा रस्ता ठेवला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हॅन्डरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अशा सोयींवर काम केलं, पुढे विंडोज ९५मध्ये त्या सिस्टीमसोबतच मिळायला लागल्या. म्हणून गेम खेळताना मध्येच स्टिकी कीजची खिडकी येते म्हणून शिफ्टचा शॉर्टकट बंद करायचा असेल तर आपल्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर खुशाल करा, पण सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर नका करू. आणखी एक, विंडोजमध्ये शिफ्ट किंवा कंट्रोलसारखं बटण आणि दुसरं एखादं बटण एकदम दाबलं की स्टिकी कीज आपोआप बंद होते, असा एक पर्याय असतो. ज्याचं बोट घसरून दोन बटणांवर पडतं त्याच्यासाठी हा पर्याय नक्की काढून टाका.

आता बोलूनच टाइप होतं, कीबोर्डचे दिवस संपले असं हल्ली फार ऐकू येतं. पासवर्ड मोठ्याने बोलणार का? आणि पार्किन्सनमध्ये बऱ्याच जणांचा आवाजही हळू आणि अस्पष्ट होतो, त्याचं काय?

काही ठिकाणी मात्र या सोयी चालत नाहीत, किंवा नव्याने बसवाव्या लागतात. बऱ्याच लॅपटॉपवरचं एफएन बटण कीबोर्डची चिप स्वतःच हाताळते, ऑपरेटिंग सिस्टीमला ते कळतही नाही, त्यामुळे स्टिकी कीज त्याला धरू शकत नाही. लिनक्स जुनी एक्स विंडो सोडून वेलँड या नव्या व्यवस्थेवर गेलं तेव्हा एक्सच्या सर्व्हरमध्ये असलेली ही सगळी कामं प्रत्येक डेस्कटॉपला स्वतःच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे खिडक्या स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नव्याने लिहावी लागली. आणि कॉम्प्युटर सुरू होताना जी बायॉसची स्क्रीन येते तिथे ऑपरेटिंग सिस्टीम अजून उठलेलीच नसते, म्हणून तिथे थरथरत्या हाताने एकच बाण चार वेळा दाबला गेला तर निवड चार ओळी खाली जाते.