मानवाकृती यंत्रमानव

मानवाकृती यंत्रमानव : डोके, धड, दोन हात व बहुधा दोन पाय अशी माणसासारखी ठेवण असलेले आणि भोवतालचे पाहून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे स्वतःच्या हालचाली ठरवणारे यंत्र. माणसांच्या बरोबरीने काम करताना त्याचे काय होते, एवढ्यापुरताच विचार या नोंदीत केला आहे. मराठीत ‘यंत्रमानव’ हा शब्द मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणाऱ्या एकट्या लोखंडी हातालाही लावतात. त्यामुळे ‘मानवाकृती’ हे विशेषण द्विरुक्तीचा दोष पत्करून जोडावे लागते. कारखान्यात दोघांनाही ‘रोबो’ म्हणतात.

‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून (प्रकाशन १९२०, प्राग येथील प्रयोग १९२१) जगभर गेला. शब्दाचे जनकत्व पुष्कळ ठिकाणी त्यांनाच दिलेले आढळते. पण खुद्द कारेल यांनी १९३३ मध्ये एका वृत्तपत्रीय टिपणात ते थोरले बंधू, चित्रकार योझेफ यांच्या पदरी टाकले आहे. कारेल यांना सुचलेला ‘लाबोरी’ हा शब्द त्यांचा त्यांनाच पुस्तकी वाटत होता. योझेफ चित्र रंगवत होते. तोंडात कुंचला तसाच धरून ते ‘मग रोबोट म्हण’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटले. ही हकीकत ग्राह्य धरण्यास हरकत नाही, कारण श्रेय नाकारण्यात कारेल यांचा कोणताच लाभ नव्हता. मूळ ‘रोबोटा’ म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे करावयाचे सक्तीचे श्रम. त्याचा अर्थ ‘गुलामी’ असा देण्यापेक्षा मराठीतील ‘वेठ’ अधिक नेमका ठरेल. नाटकातील रोबोट मात्र धातूचे नसून कृत्रिम जैव द्रव्यापासून घडवलेले आहेत.

भारतीय पूर्वसूरींविषयी मतभेद आहेत. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाच्या (सामान्यतः अकराव्या शतकाचा पूर्वार्ध) यंत्रविधान अध्यायात द्वारपाल, सेवक अशा कामांच्या लाकडी पुतळ्यांचे उल्लेख आहेत. काही अभ्यासक त्यांत प्रत्यक्ष कारागिरीचे पुरावे पाहतात, तर काही केवळ राजदरबारी अद्भुतरम्यता. यंत्रांची घडण अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, असे ग्रंथकारच बजावतो. त्यामुळे दोन्ही पक्षांना वाव राहतो. दोरी, पारा व पाणी यांवर चालणाऱ्या करमणुकीच्या वस्तू त्या काळी असाव्यात, एवढे मानणे सुरक्षित दिसते. त्यांना आजच्या यंत्रांचे पूर्वज म्हणणे ओढाताणीचे होईल.

पूर्ण मानवी आकाराचा पहिला यंत्रमानव म्हणून जपानच्या वासेदा विद्यापीठातील ‘वाबोट-१’ (१९७३) याचा निर्देश करतात. होंडा कंपनीचा ‘असिमो’ २००० मध्ये आला.

दोन पायांवरचा तोल हा या विषयाचा गाभा आहे. सर्बियन संशोधक मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९७० च्या आसपास रूढ केलेली ‘शून्य परिबल बिंदू’ ही कल्पना दीर्घकाळ आधारभूत राहिली : जमिनीच्या प्रतिक्रियेचे आडव्या अक्षांभोवतीचे परिबल (कलंडवणारा जोर) जेथे शून्य होते, तो बिंदू तळव्यांच्या आधारक्षेत्रात ठेवला की यंत्र कलंडत नाही. अशी चाल गुडघे दुमडून, ओल्या फरशीवरून जपून जावे तशी दिसते. अलीकडे संगणकातील आभासी जगात यंत्राला लाखो वेळा पडू देऊन, घर्षण व वजन मुद्दाम बदलत, प्रबलन अध्ययनाने (जमले की गुण, चुकले की दंड या पद्धतीने) चाल शिकवतात. हातांच्या कामासाठी प्रतिमा व भाषा यांवरून थेट हालचाल काढणारी संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) वापरात येत आहेत. गूगल डीपमाइंडचे ‘आरटी-२’ (२०२३) हे त्यांपैकी प्रारंभीचे होय.

माणसाशेजारी काम करणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १५०६६ या तांत्रिक विनिर्देशात (२०१६) चार रीती दिल्या आहेत : माणूस जवळ येताच थांबणे, माणसाने हाताने धरून चालवणे, अंतरानुसार वेग उतरवणे आणि आघाताचे बल मर्यादित ठेवणे. शेवटच्या रीतीसाठी शरीराच्या २९ जागांच्या सहनमर्यादा कोष्टकात आहेत. पण हे सारे जमिनीला बोल्टने जखडलेल्या हाताला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. तांबडे बटण दाबून वीज तोडली की तो हात जागीच थांबतो. दोन पायांवरचे यंत्र मात्र शेजारच्याच्या अंगावर कोसळू शकते. अशा यंत्रांसाठी स्वतंत्र मानक घडवले जात आहे. तोपर्यंत ‘बरोबरीने’ हा शब्द सैल अर्थानेच घ्यावा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका गोदामात २०२४ पासून प्लॅस्टिकचे टोट (माल ठेवायची खोकी) उचलून पट्ट्यावर ठेवणारा ‘डिजिट’ हा दोन पायांचा यंत्रमानवही माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेत काम करत असे. भारतातही यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवे, हीच नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ ची भूमिका होती.

मुंबई : तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणारे दूरचालित हात विकसित झाले. कामगार जाड शिसेयुक्त काचेच्या अलीकडे उभा राहतो, पलीकडचा हात त्याच्या मनगटाची नक्कल करतो. येथे बुद्धी माणसाचीच. पवईच्या आयआयटीत डिसेंबर २०१७ मध्ये टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवाला ‘सोफिया’ ही बोलकी मानवाकृती यंत्रमानव साडी नेसून आली. गर्दी उसळली, तरी तो प्रकार संभाषणाचा होता, श्रमाचा नव्हे. त्याच परिसरातील केंद्रीय विद्यालयाच्या एका संगणक शिक्षकाने २०२१ मध्ये पुठ्ठा, टाकाऊ प्लॅस्टिक, लाकूड व ॲल्युमिनियम यांतून साकारलेली, मराठीसह अनेक भाषा बोलणारी ‘शालू’ कारागिरी म्हणून अधिक लक्षणीय आहे. शहरात प्रत्यक्ष राबलेली यंत्रे मात्र मानवाकृती नव्हती : जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाने उतरवलेला रोबोट आणि कोविडकाळात वरळीच्या पोदार रुग्णालयात जेवण-औषधे पोचवणारा चाकांवरचा रोबोट.

यंत्राला पाय असावेत, या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा, की जिने, दारे व हत्यारे माणसाच्या मापाची असल्याने यंत्रही त्याच मापाचे हवे. दादरचा पूल किंवा धारावीच्या पोटमाळ्याची उभी शिडी पाहिली की तो पटतो. गोदामांच्या सपाट फरशीवर तो तितका टिकत नाही, आणि मुंबई-भिवंडी पट्ट्यातील उचल-ठेवीचे काम मुख्यतः तेथेच आहे. हे काम परंपरेने माथाडींचे. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याखालील मंडळांकडे मालकाने मजुरीबरोबर भरावयाची लेव्ही मजुरीच्या टक्केवारीने ठरते. यंत्राला मजुरीच नसल्याने त्याने उचललेल्या बोज्यावर ती लागत नाही.