डॅनिशचा भूतकाळ : नव्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

डेन्मार्कला नोकरीसाठी निघालेल्या किंवा तिथे राहत असलेल्या मराठी मंडळींना आम्ही ऑनलाइन डॅनिश शिकवतो. वर्तमानकाळ बहुतेकांना जमतो, भूतकाळ आला की अडखळायला होतं. तो आम्ही कसा शिकवतो आणि तसाच का, ते इथे सांगतो. डॅनिश शब्द ऐकू येतात त्याच्या जवळपास देवनागरीत दिले आहेत. नेमका उच्चार वर्गात ऐका.

आधी सोपी बाजू. मराठीत 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली'. डॅनिशमध्ये लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेही क्रियापद बदलत नाही. मी, तू, ती, आम्ही, सगळ्यांना एकच 'स्पीस्ते' (खाल्लं).

कष्ट आहेत ते रूपं लक्षात ठेवण्याचे. प्रत्येक क्रियापदाची तीन : मूळ रूप, साधा भूतकाळ आणि 'हार' या सहायक क्रियापदासोबत येणारं रूप. बहुतेक क्रियापदं दोन गटांत बसतात. काहींना 'एदे' लागतं : स्नाके, स्नाकेदे, स्नाकेद (गप्पा मारणं). काहींना 'ते' : क्योबे, क्योप्ते, क्योप्त (विकत घेणं). पण असणं, जाणं, येणं, बघणं, मिळणं ही दिवसभर तोंडात असणारी क्रियापदं नेमकी नियमाबाहेरची आहेत. गो, गिक, गोएद (जाणं). ड्रिके, ड्राक, ड्रुकेद (पिणं). म्हणून आम्ही नियम मागे ठेवतो आणि सुरुवातीला हीच क्रियापदं घेतो. तिन्ही रूपं एका दमात, पाढ्यांसारखी, मोठ्याने म्हणायची. मनात वाचून ती बसत नाहीत.

मोठ्याने म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. शेवटचा 'द' आपला 'द' नव्हे. जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून तो सैल सोडतात, आणि नव्या कानाला तो कधीकधी 'ल' वाटतो. भरभर बोलताना 'स्नाकेदे' आणि 'स्नाकेद' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. अशा वेळी आधी 'हार' आलं का, ते ऐकायचं.

या 'हार'कडे विशेष लक्ष द्या. 'याय हार बोएद ई ओरहूस ई टो ऑर' म्हणजे मी दोन वर्षं ओरहूस या डॅनिश शहरात राहतोय, अजूनही तिथेच आहे. 'याय बोएदे' म्हटलंत तर ऐकणारा समजेल की तुम्ही ओरहूस सोडलं. मराठीत इथे आपण वर्तमानकाळ वापरतो, म्हणून ही चूक वारंवार होते. उलट 'ई गोर' म्हणजे काल, हा शब्द आला की 'हार' नको आणि क्रियापद लगेच दुसऱ्या जागी : 'ई गोर स्पीस्ते याय'. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना 'हार'ऐवजी बहुधा 'एर' लागतं. ते आम्ही नंतर, सवडीने घेतो.

आम्हाला शिकवायला सगळ्यात आवडणारा भाग मात्र पुढचा आहे. बेकरीत पाव घेतलात की विक्रेता विचारेल, 'वार देर आनेद?' शब्दशः 'आणखी काही होतं?' आभार मानलेत तर उत्तर येईल, 'डे वार सो लित', म्हणजे त्यात काय एवढं. गोष्ट आत्ताची, क्रियापद भूतकाळी. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आपणही 'काही हवं होतं का?', 'जरा विचारायचं होतं' असंच नम्रपणे म्हणतो. म्हणून दुकानातले संवाद आम्ही पहिल्या महिन्यातच ऐकवतो. तोवर व्याकरण अर्धं कच्चं असलं तरी चालेल.

कायमच्या वास्तव्यासाठी 'प्रोवे ई डॅन्स्क 2' ही परीक्षा द्यायची असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. ही परीक्षा देणाऱ्यांसाठी लेखी सराव वेगळा ठेवतो.