यंगर ड्रायस आणि शेतीचा उगम

यंगर ड्रायस : हिमयुग ओसरत असताना अचानक परतलेला थंड, कोरडा काळ (सु. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी). उत्तर अमेरिकेवरचा बर्फ वितळून गोडे पाणी अटलांटिकमध्ये लोटले आणि उत्तरेकडे उष्णता नेणारा सागरी प्रवाह मंदावला, हे त्याचे सर्वाधिक मानले जाणारे कारण. पश्चिम आशियात माणूस पेरणीकडे का वळला, याची चर्चा या काळाला वगळून होत नाही.

या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा सीरियात युफ्रेटीसकाठच्या अबू हुरेरा येथे मिळाला. हे पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९७२-७३ मध्ये अँड्र्यू मूर यांनी तेथे उत्खनन केले. खणलेली माती पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. असे दाणे निवडून गॉर्डन हिलमन यांनी तेथील लोकांचा आहार उलगडला. आरंभीचे रहिवासी खड्ड्यांतल्या झोपड्यांत राहत, गॅझेल हरणांची शिकार करत आणि शंभराहून अधिक जातींच्या रानवनस्पती खात. हवा कोरडी पडू लागली तशी ज्या वनस्पतींना पाण्याचा तुटवडा सोसत नाही त्या आधी कमी झाल्या. पुढे रानगहू आणि रानटी राय (गव्हाच्या जवळचे एक तृणधान्य) हीही घटली. नंतर मात्र कोरडवाहू शेतात माजणारी तणे वाढलेली दिसतात, सोबत रायचे काही टपोरे दाणे. लोक पेरू लागले होते, असा हिलमन यांचा निष्कर्ष.

त्यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. राय लागवडीची होती की रानटी, यावर एकमत नाही. शिवाय इस्रायलमधल्या गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे २३,००० वर्षांपूर्वीच लोक रानगहू आणि रानटी सातू गोळा करत होते. म्हणजे धान्याची ओळख जुनीच. टंचाईने फार तर निकड निर्माण केली. पीक दरवर्षी हाती लागायचे तर ऋतू भरवशाचे हवेत, आणि तसे ते ११,७०० वर्षांपूर्वीनंतरच झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइडही तोवर वाढून वनस्पतींच्या वाढीला पोषक झाला होता.

शेतीची किंमत अबू हुरेराच्या पुढच्या, नवाश्मयुगीन गावातल्या सांगाड्यांवर दिसते. थेया मॉलेसन यांना पायाची बोटे, गुडघे आणि कंबर यांची झीज आढळली, विशेषतः स्त्रियांत. पाट्यासारख्या दगडापुढे गुडघे टेकून तासन्‌तास धान्य भरडण्याचा हा परिणाम होता.

कणसातून दाणे आपोआप न झडणारी जात रुळायला मात्र पेरणी सुरू झाल्यावरही हजाराहून अधिक वर्षे लागली.