संगमरवरावर कोरलेला सातबारा

जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीत, गेल्या की अतिक्रमणं थांबतील, असं हल्ली वारंवार वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, कारण फ्रान्सच्या दक्षिणेतलं ओरांज हे गाव. इ.स. 77 मध्ये रोमन सम्राट व्हेस्पेसियनने इथला जमीन-नकाशा संगमरवरावर कोरून सर्वांसमोर लावायला सांगितला. कारणही दगडावरच कोरलं आहे: ऑगस्टसने दुसऱ्या गॅलिका लीजनच्या (रोमन सैन्याच्या तुकडीच्या) सैनिकांना दिलेली जमीन खासगी लोकांनी बळकावली होती. म्हणजे मोजणी चोख होती आणि अतिक्रमणही होतंच.

पण ती मोजणी काय सुंदर होती! मोजणीदार आधी एक बिंदू ठरवून तिथे ग्रोमा रोवत. ग्रोमा म्हणजे खांबावर काटकोनात बसवलेल्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरच्या दोन दोऱ्या एकीआड एक लपल्या की रेघ सरळ. अशा एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन मुख्य रेघा, डेकुमानुस आणि कार्डो. त्यांना समांतर दर 2400 रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे 710 मीटरवर, पुढच्या रेघा. त्यातून पडणारा चौकोन म्हणजे सेंचुरिया: 200 युगेरा (क्षेत्रफळाचं रोमन माप), साधारण 50 हेक्टर.

आता पत्ता. शाळेत आलेखाचे चार चरण धन-ऋण चिन्हांनी ओळखतात. रोमनांकडे शून्यही नव्हतं आणि ऋण संख्याही नव्हत्या, म्हणून चिन्हांचं काम अक्षरांनी केलं. डेकुमानुसच्या उजवीकडे डीडी, डावीकडे एसडी. कार्डोच्या पलीकडे व्हीके, अलीकडे सीके. ‘एसडी 10, सीके 7’ म्हटलं की अख्ख्या शिवारातला नेमका एकच चौकोन. त्या चौकोनात किती युगेरा सैनिकांना वाटली, किती वसाहतीने, म्हणजे ओरांजच्या रोमन नगराने, स्वतःकडे ठेवून खंडाने दिली, किती त्रिकास्तिनी या स्थानिक जमातीला परत केली, हे ओरांजच्या लाद्यांवर कोरलेलं आहे. बेरीज 200 ला जुळवून पाहता येते.

या जाळ्यांत वास्तुशास्त्राचा पुरावा शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ओरांजला अशा तीन नकाशांचे अवशेष सापडले आणि तिन्ही जाळ्यांच्या दिशा वेगळ्या आहेत. रोमन मोजणीदारांच्या ग्रंथांत सूर्योदयाची दिशा येते, तशीच जमिनीची लांबी ज्या बाजूला जास्त ती दिशा धरण्याची रीतही येते.

अतिक्रमण हटवणं फक्त ओरांजलाच झालं नाही. इटलीतल्या पाँपेई या रोमन नगरातही व्हेस्पेसियनचा अधिकारी तितुस सुएदियुस क्लेमेन्स याने दावे ऐकून, मोजणी करून बळकावलेली सार्वजनिक जागा नगराला परत दिली. वेशींबाहेरच्या दगडांवर तसा लेख आहे.

बांधकामाचा नियम साधा होता: जमीन ज्याची, तिच्यावर उभं राहिलेलं घरही त्याचंच. मग सार्वजनिक जागेवर कुणी घर बांधलं आणि वेळीच अडवलं नाही तर? कायदेपंडित उल्पियन सांगतो की लोकांच्या वापराला अडथळा होत असेल तर ते पाडावं. नसेल तर पडक्या भिंतींनी शहर विद्रूप करू नये. घर राहू द्यावं आणि त्या जागेचं भाडं वसूल करावं.