भाषांतरित चाळणी प्रश्नावलीची सप्रमाणता : प्रौढांमधील अवधान न्यूनता विकार

प्रौढांमध्ये अवधान न्यूनता व अतिचंचलता विकार (एडीएचडी) असण्याची शक्यता हेरणारी परभाषेतील प्रश्नावली मराठीत आणल्यावर ती येथील लोकांतही तेच मोजते काय, हे पडताळण्याची संशोधनपद्धती. चाळणी म्हणजे निदान नव्हे. मनोविकारतज्ज्ञाने ज्यांची सविस्तर मुलाखत घ्यावी, अशा व्यक्ती वेगळ्या काढणे एवढेच तिचे काम असते.

सर्वाधिक वापरली जाणारी मापनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार होऊन २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील १८ प्रश्नांपैकी पहिले ६ चाळणीसाठी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंत पाच पर्याय असून पहिल्या तीन प्रश्नांत ‘कधी कधी’ हे उत्तरही लक्षण म्हणून धरले जाते, तर पुढील तीन प्रश्नांत ‘बऱ्याचदा’ किंवा त्यापुढचेच उत्तर ग्राह्य असते. अशी किमान ४ उत्तरे आली की व्यक्तीला पुढील तपासणीस पाठवितात. निर्णय असा एका पायरीवर अवलंबून असल्याने प्रश्नांइतकीच पर्यायांच्या शब्दांची निवड महत्त्वाची ठरते, कारण ‘कधी कधी’, ‘अधूनमधून’ व ‘बऱ्याचदा’ हे शब्द बोलण्यात सैलपणे वापरले जातात. बालपणातील लक्षणांची आठवण विचारणारी वेंडर-युटा मापनी १९९३ मधील असून तिच्या ६१ प्रश्नांपैकी २५ प्रश्नांचे गुण धरण्याचा प्रघात आहे.

भाषांतराची रूढ रीत अशी, की दोन व्यक्ती स्वतंत्रपणे मराठी मसुदा करतात, दोन्हींचा मेळ घातला जातो, मूळ मजकूर न पाहिलेले भाषांतरकार तो पुन्हा मूळ भाषेत नेतात, तज्ज्ञांची समिती अंतिम रूप ठरविते आणि मग ३० ते ४० जणांवर ते आजमावले जाते. उलट भाषांतर मूळाशी जुळले की काम फत्ते झाले असे मानणे मात्र भाबडेपणाचे आहे. ओढूनताणून केलेले शब्दशः भाषांतरच उलट फिरवायला सर्वांत सोपे असते. त्यापेक्षा अधिक हाती लागते ते उत्तरदात्याला ‘हा प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आले?’ असे विचारल्यावर.

नाशिक जिल्ह्यात या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. हाती घेतलेल्या प्रकल्पातील अवघड भाग संपल्यावर उरलेले बारीकसारीक काम पुरे करणे जड जाते काय, असा मूळ मापनीतील एका प्रश्नाचा आशय आहे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील अभियंत्याला ‘प्रकल्प’ सहज कळतो. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला मात्र छाटणी उरकल्यावर फवारणीची नोंदवही भरायची राहून जाते काय, असे विचारल्यास तोच आशय पोचतो. असे उदाहरण जोडावे की नाही, हे समितीने ठरवायचे असते, कारण उदाहरणामुळे प्रश्नाची काठिण्यपातळी बदलू शकते. बागलाण व देवळा भागात अहिराणी, मालेगावात उर्दूही, तर सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर कोकणा जमातीची कोकणी बोली बोलली जाते. त्यामुळे नाशिक शहरात पारखलेली मराठी प्रत साऱ्या जिल्ह्याला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि शेजारी घरचे माणूस बसलेले असताना दिलेले उत्तर एकांतात स्वतः भरलेल्या उत्तरासारखे असेलच असे नाही.

खरी कसोटी तज्ज्ञाच्या मुलाखतीशी तुलना करताना लागते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीनुसार १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत अवधानन्यूनतेच्या किंवा अतिचंचलता व उतावीळपणाच्या लक्षणांपैकी एका गटातील किमान ५ लक्षणे असावी लागतात, आणि काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. मुलाखतकाराला चाळणीचे गुण ठाऊक नसावेत, आणि चाळणीत न अडकलेल्यांपैकीही काहींची मुलाखत व्हावी. नाही तर सुटून गेलेले रुग्ण कधीच मोजले जात नाहीत. नैराश्य, चिंताविकार, मद्यपान आणि रात्रपाळीमुळे झालेली अपुरी झोप यांतही लक्ष विचलित होते, म्हणून तुलनेत असे लोकही हवेत. क्रॉनबाख अल्फा हा अंतर्गत सुसंगतीचा निर्देशांक ०.७० च्या वर आला एवढ्यावर अनेक प्रबंध थांबतात, पण त्यातून प्रश्न परस्परांशी सुसंगत आहेत इतकेच कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनीतील मूळ सहा प्रश्नांची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी सापडणाऱ्यांचे प्रमाण) ६८.७ टक्के व विशिष्टता (विकार नसलेल्यांपैकी बरोबर वगळल्या जाणाऱ्यांचे प्रमाण) ९९.५ टक्के नोंदली गेली होती. विकाराचे प्रमाण २.५ टक्के धरल्यास १,००० लोकांत २५ रुग्ण असतील. त्यांपैकी सुमारे १७ सापडतील आणि साधारण ५ निरोगी व्यक्ती चुकून अडकतील. भाषांतरात विशिष्टता ९० टक्क्यांवर घसरली, तर चुकून अडकणाऱ्यांची संख्या ९७ च्या पुढे जाते, म्हणजे पुढे पाठविलेल्या दर सात जणांत जेमतेम एक खरा रुग्ण निघतो. मनोविकार बाह्यरुग्ण विभागात विकाराचे प्रमाण मुळातच जास्त असल्याने तीच प्रश्नावली तेथे अधिक उपयोगी भासते. म्हणून मूळ मापनीचा उंबरठा गुण जसाच्या तसा न उचलता स्थानिक नमुन्यावर पुन्हा निश्चित करावा लागतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकमध्येच असून त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय साजेसा आहे. त्यासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि मापनीच्या हक्कधारकाची भाषांतरास परवानगी, दोन्ही आधी घ्यावी लागतात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनीची डीएसएम-५ वर आधारित ६ प्रश्नांची नवी आवृत्ती आली. तिचे प्रश्न व गुणदान वेगळे असल्याने जुन्या आवृत्तीच्या मराठी प्रतीवर झालेली पडताळणी तिला लागू होत नाही.